तोंडात पाणी धरून वाचलेलं शेवटचं प्रकरण

आंबेखोलच्या पुंडलिकाला डॉक्टरनं महिनाभर गप्प बसायला सांगितलंय, ही बातमी तो बेळगावाहून घरी पोचायच्या आधीच गावात पोचली आणि कुणाचाच तिच्यावर विश्वास बसला नाही. पुंडलिक आणि गप्प! रानातला गवा आपणहून दावणीला येऊन उभा राहिला म्हटलं असतं, तर लोक निदान बघायला तरी गेले असते. हा माणूस झोपेतही बोलायचा. खळ्यावर उभा राहून त्यानं एक हाळी दिली की भातावर उतरू पाहणारी वानरं डोंगरावर परत फिरायची. रामनगरच्या बाजारात त्यानं एका दुकानात भाव विचारला की चौथ्या दुकानातून उत्तर यायचं.

पण बातमी खरी होती. वर्षभर त्याचा आवाज बसत चालला होता. ज्येष्ठमध चघळून झाला, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. शेवटी सून मयूरीनं त्याला धरून बेळगावला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी घशात नळी घालून पाहिलं, आवाजाच्या पडद्यावर गाठ सापडली, ती त्यांनी काढली. गाठ साधी होती, जिवाला भय नव्हतं. भय होतं ते आवाजाचं.

"एक महिना मौन," बाई म्हणाल्या. "बोलायचं नाही, ओरडायचं नाही, खाकरायचं नाही. आणि कुजबुजायचं तर मुळीच नाही, ते बोलण्यापेक्षा वाईट. जखम नीट भरली नाही तर जन्मभर फाटका आवाज घेऊन बसाल."

दुसऱ्या कुणाला याचं एवढं काही वाटलं नसतं. पुंडलिकाच्या पायाखालची जमीनच सरकली, कारण आंबेखोलात गाऱ्हाणं तो घालतो. जत्रेच्या दिवशी देवीपुढं उभं राहून सगळ्या गावाच्या वतीनं मागणं मागायचं, त्याला गाऱ्हाणं म्हणतात. कुणाची अडलेली सोयरीक, कुणाची आटलेली म्हैस, कुणाचा गोव्याला गेला तो गेलाच असा पोर. ज्यानं त्यानं आपलं दुखणं आधी पुंडलिकाच्या कानात सांगायचं आणि त्यानं ते खड्या आवाजात देवीच्या कानावर घालायचं. प्रत्येक मागण्याला अख्खं गाव एका तोंडानं म्हणतं, 'व्हय म्हाराजा!' बाप गेल्यापासून हे काम पुंडलिकाकडं होतं. तो काही गावचा पंच नव्हता आणि जमीनही बेताचीच. पण त्या एका दिवशी गाव त्याच्या तोंडाकडं बघत उभं राहायचं आणि ते त्याला आवडायचं. खोटं कशाला बोला, फार आवडायचं. 'व्हय म्हाराजा' मात्र त्यानं स्वतः कधी म्हटलं नव्हतं. मागायचं त्यानं आणि होकार द्यायचा गावानं, अशी ती वाटणी होती.

जत्रा जवळ आली होती. पुंडलिकाचा आवाज परत आला नाही तर गाऱ्हाणं त्याचा पुतण्या परशूकडं जाणार होतं. परशू भला माणूस, पण चारचौघांपुढं उभा राहिला की त्याच्या तोंडातून शेळीच्या करडाच्या वरताण आवाज निघत नसे. तो रोज संध्याकाळी येऊन काकाच्या घशाकडं बघत बसायचा.

"काका, लौकर बरं व्हा," तो म्हणायचा. "ही धोंड माझ्या गळ्यात नगं."

पुंडलिक मान हलवायचा. दुसरं करणार काय?

बोलायचं असेल ते लिहायला मयूरीनं त्याला शाळेतल्या पोरांची पाटी आणून दिली होती. पण पाटी चालायची ती मयूरीपुढं. त्याची बायको रुक्मा हल्याळकडची. चौथीपर्यंत शिकली ती कानडी शाळेत, त्यामुळं बसवरच्या पाट्या ती झरझर वाचायची, पण मराठी अक्षर तिला लागत नव्हतं. तोंडानं मराठी बोलण्यात मात्र ती नवऱ्याला हार जायची नाही, फक्त तिची पाळी कधी आली नव्हती. आता आली होती. पुंडलिक हातवारे करायचा आणि रुक्मा मुद्दाम भलताच अर्थ लावायची. त्यानं पाणी मागितलं की ती चूल पेटली का बघून यायची. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणजे काय, हे पुंडलिकाला पहिल्या दोन-तीन दिवसांतच कळलं.

मुलगा नागराज ट्रकवर, महिन्यातले थोडेच दिवस घरी. मयूरी रामनगरात कापडाच्या दुकानात कामाला. दिवसभर घरात हे दोघंच. सासऱ्याचा चेहरा दिवसेंदिवस उतरत चाललेला बघून मयूरीनं रामनगरच्या बसस्टँडामागच्या वाचनालयातून एक पिशवी भरून पुस्तकं आणली. वाचनालयवाल्याला तिनं 'मामांना वाचायला' एवढंच सांगितलं होतं. त्या गृहस्थानं हाताला लागली ती फळी रिकामी करून दिली असावी, कारण पिशवीत काय नव्हतं ते विचारा.

पुंडलिकानं शाळा सोडल्यापासून पुस्तक हातात धरलं होतं ते फक्त श्रावणात, पोथीचं. सगळ्यात वर होतं ते स्वयंपाकाचं पुस्तक. नाइलाजानं त्यानं तेच उघडलं. 'चवीपुरतं मीठ' असं जागोजागी लिहिलेलं बघून तो वैतागला. अरे, चवीपुरतं किती हे कळत असतं तर माणूस पुस्तक कशाला वाचेल? पण आमटीत तीळ भाजून वाटून घालावेत हे त्याला पटलं. गंमत म्हणजे दोनच दिवसांनी रुक्मानं आमटीत तीळ घातले. पुंडलिकानं पाटीवर लिहून मयूरीला शाबासकी दिली. मयूरी म्हणाली, "मी कुटं काय केलंय मामा?" सून लाजतेय असं समजून त्यानं विषय सोडून दिला.

मग तो सुटलाच. दुपारची जेवणं झाली की पडवीत भिंतीला पाठ लावून बसायचा तो दिवे लागेपर्यंत. रुक्माही सूप आणि हुलग्यांची टोपली घेऊन तिथंच येऊन बसायची. एरवी निवडटिपण ती परसात करायची. आपण चुकून बोलू नये म्हणून ती राखणीला बसते, असा पुंडलिकाचा हिशेब. हुलगे निवडायला इतके दिवस लागतात का, हा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही. पुस्तकात शिरलेल्या माणसाच्या डोक्यात असले प्रश्न येत नाहीत.

प्रवासाच्या पुस्तकात एक बाई बर्फाच्या देशात जाऊन झाडं बघत हिंडत होती. पुंडलिकाला कुळगीच्या जंगलातल्या कॅम्पात येणारी शहरातली माणसं आठवली, झाड दिसलं की मान मागं टाकून उभी राहणारी. त्यांना तो हसायचा. आता त्यानं स्वतः उठून अंगणातल्या फणसाकडं एकदा मान मागं टाकून बघितलं. बरं वाटलं, पण मान दुखली. आयुष्य सुधारण्याचं एक पुस्तक होतं. त्यात पहिलाच नियम होता, कमी बोला. ते त्यानं तिथंच मिटलं. भुताच्या गोष्टी त्यानं लख्ख उन्हात वाचल्या, तरी एकदा मांजर अंगावरून गेलं तेव्हा तो उठून उभा राहिला. त्या आठवड्यात रुक्मा दिवेलागणीनंतर मयूरीला बरोबर घेतल्याशिवाय परसात जाईना. बिबट्या उतरला असेल, असं पुंडलिकाला वाटलं.

प्रेमाच्या कादंबरीनं त्याला छळलं. तो तिच्यावर जीव टाकतो, ती त्याच्यावर, आणि दोघंही एकमेकांना सांगत नाहीत. कुणीतरी एकानं तोंड उघडलं असतं तर पुस्तक दहाव्या पानावर संपलं असतं! पण ते चांगलं जाडजूड होतं, आणि शेवटी ती दुसऱ्याच्या घरी गेली. पुंडलिकानं पुस्तक मिटून डोळे पुसले. बघतो तर रुक्माही पदरानं डोळे पुसत होती. हुलग्याची धूळ लई उडती, असं काहीतरी ती म्हणाली.

कवितांच्या पुस्तकावर तो आधी रागावला. अर्धं पान कोरं सोडायचं म्हणजे कागदाची नासाडी. पण त्यात एक चार ओळींची कविता निघाली, सासरी गेलेल्या बहिणीच्या रिकाम्या फणीवरची. त्या चार ओळींवर त्याची सबंध दुपार गेली. पुढचं पान उलटायला हातच होईना. आपण आयुष्यभर एवढं बोललो, त्यात अशा चार ओळी एकदा तरी आल्या का, असं त्याला वाटलं.

आणि मग खुनाचं पुस्तक आलं. एका शहरातला बडा वकील सकाळी झोपाळ्यावर मेलेला सापडतो. शेजारी चहाचा कप, अजून गरम. घरात त्याची दुसरी बायको, उधळ्या भाचा, मुका माळी आणि जुना कारकून. पुंडलिकानं जेवणाकडंही लक्ष दिलं नाही. शेवटचं प्रकरण राहिलं होतं आणि तो पान उलटणार, एवढ्यात मयूरी त्या दिवशी लवकर घरी आली. ती अंगणातच थांबली.

"मामा! तुमी बोलालायसा!"

पुंडलिकानं दचकून मान हलवली. पाटी ओढून मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'न्हाई.'

"मला ऐकू आलं न्हवं. ओठ हलालेत तुमचे. पुटपुटतायसा तुमी."

पुंडलिकानं पाटी खाली ठेवली. खरं असणार ते. मनात वाचायचं त्याला कुणी कधी शिकवलंच नव्हतं. शाळेत गुरुजी म्हणायचे, आवाज आला नाही म्हणजे वाचलं नाही, आणि छडी उगारायचे. पोथी तर गावासाठीच वाचायची. वाचायचं म्हणजे तोंडानं, एवढंच त्याला ठाऊक होतं, आणि ते तोंड त्याला न विचारता चालू झालं होतं. त्यानं घाबऱ्या घाबऱ्या रुक्माकडं बघून स्वतःच्या ओठांवर, मग कानावर बोट ठेवलं. तू रोज इथं बसतेस, तुला आलं का ऐकू?

रुक्माची नजर सुपातून वर आली नाही.

"मला न्हाई बाई काय ऐकू आलं," ती म्हणाली.

सगळे आत गेल्यावर पुंडलिकानं गळ्यावर दोन बोटं ठेवून एक ओळ वाचून बघितली. बोटांखाली गुणगुण लागली, चालू पंपाच्या पायपाला हात लावावा तशी. कुजबुज बोलण्यापेक्षा वाईट, बाईंनी बजावलं होतं. आणि तो पंधरा दिवस कुजबुजत होता. पिशवीभर पुस्तकं त्यानं त्या ताज्या जखमेवरून ओढून नेली होती. मयूरी म्हणाली, दवाखान्यात फोन लावून विचारूया. त्यानं जोरजोरात मान हलवली. आवाज गेला असेल तर तो ठरल्या तारखेला कळू दे, आधी नको.

दुसऱ्या दिवशी त्यानं पुस्तकाला हात लावला नाही. पण वकील झोपाळ्यावर मरून पडलेला, आणि त्याला मारणारा मोकळा फिरतोय! माणसानं किती कळ काढायची? तिसऱ्या दुपारी त्याला युक्ती सुचली. त्यानं तांब्याभर पाणी घेतलं, तोंडात मावेल तेवढं धरलं आणि दोन्ही गाल फुगवून शेवटचं प्रकरण उघडलं. पाणी असलं की ओठ हलत नाहीत, घसा वाजत नाही. पाणी कोमट झालं की थुंकायचं, नवं धरायचं. असं करत करत त्यानं खुनी धरला. धरला तेव्हा आनंदानं त्याला ठसकाच लागणार होता, कसाबसा निभावला.

रुक्मा सूप धरून बसली होती. पुंडलिकानं पुस्तक मिटलेलं बघताच तिनं सूप दाणकन खाली ठेवलं.

"तोंडात पानी धरून कोण वाचतंय का कुटं?" ती कडाडली. "एक तर गिळा, न्हाईतर थुका!"

त्या दिवसापासून तिचं बिनसलं. चहा उशिरा येऊ लागला आणि आमटी पुन्हा बिनतिळाची झाली. निवडटिपण परत परसात गेलं. पुंडलिकाला कारण स्पष्ट दिसत होतं. आपण पुस्तकापायी आवाज घालवला, म्हणून ही चिडली. चिडेल नाही तर काय? तो मुकाट्यानं जेवायचा, पाणी तोंडात धरून उरलेली पुस्तकं वाचायचा आणि प्रत्येक पानागणिक स्वतःला शिव्या द्यायचा. पण वाचायचं त्यानं सोडलं नाही.

बेळगावला जायच्या आदल्या संध्याकाळी त्यानं येताना रामनगरला परत द्यायची पुस्तकं पिशवीत भरली. एकेक हातात घेऊन बघितलं. एवढा भरगच्च महिना त्याच्या आयुष्यात आला नव्हता. बर्फात हिंडला, भुतांत हिंडला, कुणाच्या कोण पोरीसाठी रडला. आणि त्यातलं एक अक्षरही तो कुणाला सांगू शकला नव्हता. उद्या बाई म्हणाल्या की आवाज गेला, तर कधीच सांगता येणार नव्हतं. त्याला एवढी भीती वाटली की त्यानं पिशवीची गाठ दोनदा मारली.

सकाळी मयूरीला दुकानातून रजा मिळाली नाही, म्हणून पुंडलिक आणि रुक्मा दोघंच निघाली. रामनगरपासून बेळगावपर्यंत रुक्मा खिडकीबाहेर बघत होती. तिच्या हाताच्या मुठी आवळलेल्या होत्या.

डॉक्टरीणबाई नळी आणायला वळल्या तेवढ्यात पुंडलिकानं पाटी पुढं केली. घरूनच लिहून आणली होती: 'पुस्तकं वाचताना ओठ हलले. आवाज पण आला. मला कळलं नाही. आधीच सांगतो.'

बाईंनी वाचलं, चष्म्यावरून त्याच्याकडं बघितलं आणि नळी घातली. बराच वेळ त्या मशीनच्या पडद्यावर बघत राहिल्या. पुंडलिकाला देवी आठवली, बाप आठवला, परशूचा करडाचा आवाज आठवला.

"करायला नको होतं," नळी काढत बाई म्हणाल्या. "नशीब तुमचं, जोर लावून नाही पुटपुटलात. जखम छान भरलीय. आवाज राहील. बोला आता, हळू. नाव सांगा."

पुंडलिकाचा जीव भांड्यात पडला. त्यानं तोंड उघडलं, पण त्याच्याआधी खोलीत दुसराच आवाज आला. रुक्मा ओक्साबोक्शी रडत होती.

"बाई, ह्यांची चूक न्हाई, माझी हाय," ती म्हणाली. "मला सगळं ऐकू येत हुतं. पयल्या दिसापास्नं. ते आमटीचं, ते बर्फाचं, त्या पोरीचं, सगळं. मी सांगाय पायजे हुतं, अवो ओठ हलालेत म्हणून. पर सांगितलं आसतं तर ह्यांनी वाचायचं बंद केलं आसतं. मला कोन वाचून दावणार हुतं? ह्यांनी खुणेनं इचारलं तवाबी खोटं बोलले मी. ह्यांचा आवाज गेला आसता तर मी देवीला काय तोंड दावलं आसतं?"

आमटीतले तीळ, हुलग्याची धूळ, परसातला न उतरलेला बिबट्या, सगळं एकदम पुंडलिकाच्या डोक्यात उजाडलं. त्याला वाटत होतं हा महिना त्यानं एकट्यानं काढला. अख्खा महिना ही बाई त्याच्या शेजारी बसून तीच पुस्तकं वाचत होती.

रुक्मानं नाक पुसलं, पदर सावरला आणि त्याच्याकडं वळली.

"आता सांगा," ती म्हणाली. "त्या वकिलाला मारलं कुनी?"

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना. पुंडलिकाच्या तोंडून महिन्यानंतरचा पहिला शब्द निघाला तो "रुक्मे!" असा. महिनाभर बंद राहिलेल्या दाराच्या कडीसारखा करकरला, पण आवाज त्याचाच होता. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आठ दिवस थोडं थोडंच बोलायचं," बाईंनी बजावलं. "दिवसाला दहा मिनिटं, त्यावर नाही. जत्रेत माइक घ्या. हाळी द्यायची नाही."

बाहेर आल्याबरोबर पुंडलिक सांगायला लागला, "अगं, तो—"

रुक्मानं त्याच्या तोंडावर हात ठेवला. "आसं न्हाई. वाचून दावा. पयल्यापास्नं ऐकलंय मी ते, मधीच कसं सांगतायसा? पुस्तक हाय न्हवं पिशवीत?"

मग बसमध्ये पुंडलिकानं तोंड मिटून घेतलं, आपली दहा मिनिटं राखत. बोलली ती रुक्मा. प्रेमाच्या पुस्तकातली पोरगी तिच्या मते मूर्ख, पण पोरगा जास्त मूर्ख. बर्फातल्या बाईला घरी पोरंबाळं नसतील, नाहीतर एवढं हिंडायला कोण देतं? भुतांपैकी विहिरीतलं तेवढं खरं वाटलं, बाकीची उगीच. आणि ती फणीची कविता. तिथं ती आपल्या बहिणीवर आली. तिची धाकटी बहीण लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी वारली होती, हे पुंडलिकाला माहीत होतं. तिची फणी रुक्मानं अजून ट्रंकेत ठेवली आहे, हे त्याला त्या बसमध्ये पहिल्यांदा कळलं. तीस-बत्तीस वर्षं एका घरात काढून! त्यानं तिच्या हातातली पिशवी आपल्या मांडीवर घेतली.

रामनगरला उतरले तेव्हा वाचनालय उघडायला अवकाश होता. दोघं स्टँडाबाहेर पिंपळाच्या पारावर बसली. परशू त्यांना न्यायला मोटारसायकल घेऊन आला होता, बरोबर गावातली आणखी दोन माणसंही होती.

"काका, आला का आवाज? बोला की कायतरी!"

पुंडलिकानं हात वर करून त्यांना थांबवलं. पिशवीची दोनदा मारलेली गाठ सोडली, खुनाचं पुस्तक काढलं, शेवटचं प्रकरण उघडलं आणि वाचायला लागला. सुरुवातीला आवाज चाचपडला, मग रुळावर आला. परशूला काहीच कळेना. काकाचा पहिला बोल ऐकायला तो दुपारपासून उभा होता, आणि काका कुणा वकिलाच्या झोपाळ्याबद्दल सांगत होते. पण दोन पानांत तोही पाराच्या कडेला टेकला. एक ट्रकवाला बिडी पेटवता पेटवता थांबला. रुक्मा पुढं सरकून बसली होती. प्रत्येक वाक्याला ती मान डोलवत होती.

खुनी निघाला तो कारकून. मढ्यापाशी बसून सगळ्यात जास्त रडला होता, तोच.

"त्यो?" रुक्मा ओरडली. "अवो, मी त्या दुसऱ्या बायकूला इतके दीस शिव्या घालालेय! बिचारी!"

पुंडलिकानं शेवटची ओळ वाचली आणि पुस्तक मिटलं. त्या दिवसाची दहा मिनिटं केव्हाच संपली होती. ट्रकवाल्यानं बिडी पेटवली. परशूनं उठून काकाचे दोन्ही हात धरले.

"सुटलो काका! जत्रंला गाऱ्हाणं तुमीच घालायचं. गावात सगळ्यांनी आपापलं सांगून ठेवलंय माझ्यापाशी. माझ्याकडनं तुमी घ्या आता."

पुंडलिकानं हसून मान हलवली. लोक आपापल्या वाटेला लागले. परशू मोटारसायकल वळवून घ्यायला गेला. पारावर दोघंच राहिली.

"अवो," रुक्मा पुस्तकावर हात ठेवून म्हणाली, "औंदा माझंबी एक गाऱ्हाणं घाला."

पुंडलिक चमकला. लग्न होऊन या गावात आल्यापासून दर जत्रेला ती गर्दीत मागं उभी राहून सगळ्यांच्या मागण्यांना होकार देत आली होती. स्वतःसाठी तिनं कधी काही मागितलं नव्हतं. त्यानंही कधी विचारलं नव्हतं. त्यानं भुवया वर केल्या.

"देवीला म्हणा, ह्यांचा आवाज शाबूत ऱ्हाऊ दे. गावासाठी ऱ्हाऊ दे, त्येला माझी ना न्हाई. पर दुपारच्याला मला वाचून दावायला ऱ्हाऊ दे."

बोलायची मनाई होती. पुंडलिकानं बाईंचा शब्द मोडला नाही. त्याचे ओठ तेवढे हलले, आवाज अजिबात न करता.

"व्हय म्हाराजा."

रुक्माला ते कळलं. महिनाभराचा सराव होता तिला.